चौदा नंबरसमोरचं टिंब

माझ्या नवऱ्याने अठरा वर्षांत सहा देशांत गोल राखला, आणि सहाही ठिकाणच्या वर्तमानपत्रांनी लिहिलं की पेनल्टीच्या वेळी तो समोरच्याचं मन वाचतो. मन वगैरे काही नाही. तो पाण्याची बाटली वाचायचा. बाटलीला चिकटपट्टीने एक कागद लावलेला असे, वरून टॉवेल गुंडाळलेला असे, आणि तो कागद मी लिहिलेला असे.

पद्धत साधी होती. सामन्याच्या आधी आठवडाभर मी समोरच्या संघाच्या जुन्या पेनल्ट्या बघायचे. कोण मारतो, कोणत्या पायाने, किती पावलं मागे जाऊन, आणि चेंडू गोलच्या डाव्या, मधल्या की उजव्या भागात जातो. मग कागदावर प्रत्येकाच्या नंबरापुढे एक खूण करायचे. बाण असेल तर त्या बाजूला झेप घ्यायची. टिंब असेल तर हलायचं नाही, मध्येच उभं राहायचं.

मुलाखतीत तो सांगायचा, ‘मला आतून कळतं. चेंडू माझ्याशी बोलतो.’ चेंडू बोलायचा तो माझ्या अक्षरात.

माझ्या वहीत अकराशे बेचाळीस पेनल्ट्यांची नोंद आहे. त्यांतल्या तीनशे सहा मधल्या भागात आल्या. आणि सगळ्या मिळून गोलकीपर जागेवर उभा राहिला अशा किती? सत्तर. म्हणजे चारांतला एक चेंडू, किंबहुना थोडं जास्तच, जिथे येतो, तिथे सोळांत एकदा माणूस सापडतो. हे मोजायला पदवी लागत नाही, बोटं लागतात, आणि गोलकीपरला ती दहाही असतात, वाकडी का होईना. पण उभा राहिलेला गोलकीपर आणि कोपऱ्यातून आत गेलेला चेंडू हे दृश्य त्या धंद्यात लाजिरवाणं मानतात. चुकीच्या बाजूला का होईना, उडी मारली की माणूस शूर. लोक टाळ्या वाजवतात, कोच पाठ थोपटतो. पन्नास-पन्नास वर्षं त्या खेळात घालवलेली माणसं हेच शिकवतात आणि वर शिट्टी फुंकतात.

मी त्याला अठरा वर्षांत एकतीस टिंबं दिली. त्यांतले एकोणीस चेंडू मध्ये आले. तो एकदाही उभा राहिला नाही.

तो भित्रा होता असं मात्र कुणी म्हणू नये. तिसऱ्या देशात एका पळत आलेल्या खेळाडूच्या बुटांखाली त्याने डोकं घातलं होतं आणि चेंडू घेऊनच बाहेर आला होता. भुवईवर अकरा टाके पडले. दवाखान्यात मला म्हणाला, ‘चेंडू सुटला नाही ना, बघितलंस?’ मी बघितलं होतं. मार खायला तो घाबरत नसे. हसं व्हायला घाबरायचा.

सासूबाई आमच्याबरोबर सगळीकडे असायच्या. मुलाला तिकडे जेवायला कोण घालील, या एका प्रश्नावर त्यांनी सहा देश केले. त्या देशांचा उल्लेख घरांवरून करतात. ‘गळक्या नळाच्या घरी असताना बाळ पहिल्यांदा कप्तान झाला.’ ‘लिफ्ट नसलेल्या घरी आपण दीड वर्ष काढलं नाही का गं?’ लिफ्ट नसलेल्या घरी बाळ राखीव गोलकीपर होता. दीड वर्ष तो लांब कोट घालून बाकावर बसायचा आणि संध्याकाळी घरी येऊन पाय चेपून घ्यायचा. एकदा मी विचारलं, आज कशाने दमलास? म्हणाला, ‘बसणं तुला सोपं वाटतं.’

आमच्या मुलीने सहा शाळा पाहिल्या. सतरावं लागताच तिने असा अभ्यासक्रम निवडला, जो पाच वर्षं एकाच इमारतीत शिकवतात, आणि त्याच इमारतीच्या मागच्या वसतिगृहात राहायला गेली. मी तिला दोष देत नाही. मी तेच करायला हवं होतं, पण मला ते सुचलं नाही. मी रसायनशास्त्राची एम.एस्सी. दर वेळी त्या त्या देशात पदवीची कागदपत्रं तपासून घ्यायची, भाषेची परीक्षा द्यायची, कुठल्यातरी प्रयोगशाळेत तळापासून सुरुवात करायची, आणि तिथे ब्युरेटला हात लागेपर्यंत दलालाचा फोन यायचा. सगळे त्याला एजंट म्हणतात. दोन फोन, एक सुगंध, आणि ‘आपण घरचेच’ हे वाक्य, एवढंच त्याचं भांडवल. मी पाच नोकऱ्या सोडल्या. मला कुणी हात धरून ओढत नेलं नाही. मी स्वतः राजीनामे लिहिले, शुद्धलेखन तपासून.

सहाव्या देशात मला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. पहिलं वर्ष मी नमुन्यांच्या बाटल्या धुतल्या. दुसऱ्या वर्षी क्लोरीन माझ्याकडे आलं, तिसऱ्या वर्षी जड धातू. एका शुक्रवारी प्रमुख बाईंनी मला खोलीत बोलावलं. त्या कमी बोलणाऱ्या बाई, नमुना असो की माणूस, आधी उजेडात धरून बघणाऱ्या.

‘कायमची जागा निघाली आहे,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचं नाव पहिलं आहे. सही करा.’

‘सोमवारी केली तर चालेल?’

‘सोमवारी सकाळी शेवटची वेळ. नंतर यादीतला पुढचा माणूस. पण सोमवारी का?’

मी सांगितलं, रविवारी नवऱ्याचा सामना आहे. संघ वरच्या गटात टिकला तर त्याचा करार आपोआप दोन वर्षं वाढतो. नाही टिकला तर करार तिथेच संपतो आणि मग आम्हाला कदाचित देश सोडावा लागेल.

बाईंनी चष्मा काढला. ‘तुमच्या नवऱ्याचा सामना आणि आपलं क्लोरीन, यांचा संबंध मला कळला नाही.’

मी म्हटलं, ‘सोमवारी सांगते.’

त्या रविवारच्या सामन्यासाठी मी जितकं काम केलं तितकं कधीच केलं नव्हतं. समोरच्या संघातल्या सहा जणांच्या पेनल्ट्या मिळाल्या. पाच जणांपुढे बाण काढले. एकापुढे टिंब.

सकाळी स्वयंपाकघरात तो टेबलाशी बसून अंडी खात होता. सासूबाई मटार सोलत होत्या. मी कागद त्याच्यापुढे ठेवला.

‘आज टिंब एकच आहे. चौदा नंबर. उंच, उजव्या पायाचा, बचावातला. सात पेनल्ट्या मारल्यात, सहा मध्ये.’

‘आणि सातवी?’

‘बाहेर.’

तो हसला. ‘म्हणजे बावळट आहे.’

‘हसू नकोस. तो पाचवा येतो.’

‘तिथपर्यंत वेळच येणार नाही. त्याच्या आत संपवतो.’

‘आली तर?’

‘अगं, आली तर उभा राहीन. बस?’

‘मला उद्या सकाळी प्रयोगशाळेत हो की नाही सांगायचंय. माहीत आहे ना?’

‘माहीत आहे. दहा वेळा सांगितलंस. आईशप्पथ, उभा राहीन.’

‘माझी कशाला घेतोस?’ सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. ‘मला अजून जगायचंय. ग्लोव्हजची घे.’

त्याने ग्लोव्हजची घेतली. ते ग्लोव्हज तो लहान मुलांच्या शाम्पूने, कोमट पाण्यात, स्वतः धुवायचा आणि सावलीत वाळवायचा. अठरा वर्षांत त्या घरात त्याने स्वतःच्या हाताने धुतलेली ती एकच वस्तू. त्यामुळे शपथेला वजन होतं, असं मला वाटलं.

दुपारी मी आणि सासूबाई स्टेडियममध्ये बसलो. खेळाडूंच्या कुटुंबीयांसाठी राखून ठेवलेल्या जागा असतात. तिथे बसणाऱ्या बायका एकमेकींच्या पर्सकडे बघतात आणि मैदानाकडे आपला नवरा पडला तरच बघतात. सामना रटाळ झाला. दोन्ही संघ हरण्याच्या इतक्या धास्तीत होते, की जिंकण्याचा विषय कुणी काढलाच नाही. एक-एक. जादा वेळेतही एक-एक. मग पेनल्ट्या.

आमचे आधी मारणार होते. नवरा गोलजवळ गेला, बाटली उचलली, टॉवेल सरकवला, पाणी प्यायला. आमच्या पहिल्याने गोल केला. त्यांच्या पहिल्यापुढे डावा बाण होता. नवरा डावीकडे गेला, बोटं लागली, पण चेंडू आत गेला. त्यांच्या दुसऱ्यापुढे उजवा बाण. तो उजवीकडे झेपावला आणि चेंडू छातीशी धरून उठला. सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं. मागचा एक माणूस ओरडला, ‘मन वाचतो, मन!’ सासूबाईंनी मागे वळून त्याला सांगितलं, ‘लहानपणापासूनच वाचतो.’ लहानपणी त्याने काहीच वाचलेलं नव्हतं, ही गोष्ट मला त्यांच्याच तोंडून कळलेली आहे.

आमच्या पाचही जणांच्या झाल्या, त्यांत चार गोल. त्यांच्या चार जणांत तीन. आता त्यांचा पाचवा. अडवला की सामना आमचा, वरचा गट आमचा, करार आमचा.

चौदा नंबर मध्यरेषेपासून चालत आला. बूट घट्ट करायचं नाटक केलं. घामाने त्याच्या सदऱ्याचा रंग बदलला होता. नवरा पुन्हा बाटलीकडे गेला. टॉवेल सरकवला. मी तिथून त्याचा चेहरा बघू शकत होते. त्याने कागद वाचला. चुकून दुसरी ओळ वाचली असेल असं म्हणायला मला जागा नाही, कारण त्याने बोट ठेवून वाचलं. मग बाटली खाली ठेवली, आडव्या खांबाला हात लावला, आणि रेषेवर येऊन उभा राहिला.

‘आता हलू नकोस,’ मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले असेन, कारण शेजारच्या बाईंनी पर्स दुसरीकडे घेतली.

चौदा नंबर चार पावलं पळत आला. नवऱ्याने उजवीकडे झेप घेतली. झेप फार चांगली होती. अंग पूर्ण ताणलेलं, हात कानाच्या पुढे, पायांची बोटं मागे टोकदार. कुठल्याही प्रशिक्षण पुस्तकात छापावी अशी. तो हवेत आडवा असताना चेंडू मधोमध गेला. जोरातही नाही. शाळेतल्या मुलीने पायाने परत दिला असता, इतक्या वेगाने. जाळीला टेकला आणि खाली पडला.

चार-चार. मग आमच्या सहाव्याने चेंडू आडव्या खांबावर मारला. त्यांचा सहावा मी सांगितलेल्या सहा जणांत नव्हता, तो कुठे मारतो हे मला माहीत नव्हतं. त्याने गोल केला. संपलं.

घरी येईपर्यंत संध्याकाळ झाली होती. मी चहा ठेवला. तो आला तेव्हा मला वाटलं होतं, निदान नजर चुकवील. तो फोन पुढे करतच आत आला.

‘हे बघ. सगळीकडे हाच लावलाय.’

फोटो होता. हवेतला. सासूबाईंनी चष्मा लावून फोन लांब धरला, मग जवळ आणला.

‘छान आलायस रे. चेंडू कुठाय?’

‘चेंडू फोटोत नाही, आई.’

‘मग कशासाठी उडी मारलीस?’

तो माझ्याकडे वळला. ‘मला कुणीही दोष दिलेला नाही. कोचने मिठी मारली. सगळे त्या बारवर मारणाऱ्याला शिव्या देतायत. मी एक वाचवली, दुसरीला बोटं लावली...’

‘टिंब होतं,’ मी म्हटलं.

‘दिसलं मला.’

‘मग?’

तो खुर्चीवर बसला. ग्लोव्हज काढून मांडीवर ठेवले आणि त्यांची बोटं एकेक सरळ करू लागला. ‘तुला समजणार नाही. तू कधी तिथे उभी राहिलीस का? वीस हजार माणसं बघतायत. शेवटची पेनल्टी. आणि मी पुतळ्यासारखा नुसता उभा राहू? तो कोपऱ्यात गेला असता तर? लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याला हलता येत नाही. गोलकीपर उभा राहतो का कधी?’

‘सातांतले सहा मध्ये होते.’

‘गेला असता तर, म्हणतोय मी!’

‘गेला असता तर लोक एक दिवस हसले असते.’

‘एक दिवस?’

‘एक दिवस. फार तर दोन. मी पाच नोकऱ्या सोडल्यात.’

‘तो विषय इथे कुठून आला?’

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच विचारत होता. चाळीस वर्षांचा माणूस, भुवईवर अकरा टाक्यांची खूण, दोन बोटं कायमची वाकडी, आणि प्रश्न खरा होता. रेषेवर उभं असताना त्याने माझा उद्याचा दिवस आणि आपला एक हशा असे तराजूत घातले होते असंही नाही. त्याने तराजू काढलाच नव्हता. हे मला अठरा वर्षांत दिसलं नव्हतं, आणि निरीक्षण हा माझा व्यवसाय.

तेवढ्यात दलालाचा फोन आला. नवऱ्याने तो स्पीकरवर ठेवला, कारण चांगली बातमी सगळ्यांनी ऐकावी अशी आमच्या घरातली रीत होती.

‘राजा, काय झेप होती! मी इथे खुर्चीतून उठलो,’ दलाल म्हणाला. ‘वाईट वाटून घेऊ नकोस. तो फोटो मी तीन ठिकाणी पाठवला, एकाचं उत्तरही आलं. अनुभवी माणूस हवाय त्यांना. गुरुवारी निघायचं. वय मी सदतीस लिहितो.’

‘मागच्या वेळी अडतीस लिहिलं होतं,’ मी म्हटलं.

‘कोण, वहिनी का? वहिनी, तुमच्या हातचं खाऊन माणूस तरुण होतो! बांधा सामान. आपण घरचेच, मी काय जास्त सांगू?’

‘जास्त नकाच सांगू. एकाचंच तिकीट काढा.’

नवऱ्याने फोन बंद केला. ‘म्हणजे?’

‘मी येत नाही. उद्या सही करणार आहे.’

‘आपलं ठरलं होतं. करार संपला तर जायचं.’

‘उभं राहायचंही ठरलं होतं. ग्लोव्हजची शपथ घेऊन.’

मला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल, मुलीबद्दल, अठरा वर्षांबद्दल, निदान भांडेल तरी. त्याने बराच विचार केला. मग विचारलं, ‘मग बाटलीवरचं कोण लिहिणार?’

मला हसू आलं, आणि ते मी लपवलं नाही. तो ज्याला आयुष्यभर घाबरला ते हेच असावं. माझं हसू थांबेपर्यंत तो जमिनीकडे बघत राहिला, आणि थांबल्यावरही त्याला काही झालेलं नव्हतं.

‘आई, तू तरी सांग हिला,’ तो म्हणाला.

सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. ‘काय सांगू? मी पण नाही येत.’

‘तू?’

‘हो, मी. मला सहा भाषांत “दूध कुठे मिळतं” म्हणता येतं, आणि एकाही भाषेत शेजारणीशी भांडता येत नव्हतं. इथे आता कुठे यायला लागलंय. खालच्या मजल्यावरची बाई माझ्या कुंड्यांचं पाणी तिच्या गॅलरीत सांडतं म्हणते. तिला मी गेल्या आठवड्यात असं सुनावलं, की तिने दार आपटलं. सातव्या ठिकाणी पुन्हा दुधापासून सुरुवात करू?’

‘आणि माझं जेवण?’

‘चाळीस वर्षांचा झालास, बाळ. कागदावर सदतीस असलास म्हणून काय झालं? सदतीसचा माणूस पण अंडं उकडतो.’

तो उठून आतल्या खोलीत गेला. थोड्या वेळाने बॅगेच्या चेनचा आवाज आला. त्या कामात तो तरबेज होता.

‘तुझ्यावर उपकार म्हणून राहत नाहीये हं मी,’ सासूबाई मला म्हणाल्या. ‘सूनबाई, तुझी भाजी खारट असते.’

‘माहीत आहे, आई.’

‘माहीत आहे तर मीठ कमी घाल. प्रयोगशाळेत मोजतेस, इथे मोजायला काय होतं?’

सोमवारी सकाळी मी प्रमुख बाईंच्या खोलीत गेले. त्यांनी कागद काढून ठेवलेलाच होता. मी तीन ठिकाणी सह्या केल्या. त्यांनी त्या तपासल्या, एका ठिकाणी तारीख राहिली होती ती घालायला लावली.

‘सामना जिंकले का तुमचे?’

‘हरले.’

‘मग नवरा?’

‘गुरुवारी निघतोय.’

‘कुठे?’

मी पेनचं टोपण लावलं. ‘विचारायचं राहिलं,’ मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे नमुन्याकडे बघतात तसं थोडा वेळ पाहिलं, आणि कागद खणात ठेवला. खाली चव्वेचाळीस बाटल्या येऊन पडल्या होत्या. एकीचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. ती मी बाजूला काढली आणि पाठवणाऱ्याला कळवलं, की असा नमुना आम्ही तपासत नाही.